नानांच्या नावाचा पेला

फलकावरचा नानांचा फोटो फार छान आला होता, आणि हर्षालीला आधी तेच खटकलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून तिचे वडील निवृत्त झाले त्या दिवशीचा तो फोटो. मूळ फोटोत शेजारी चार सहकारी होते, हातात शाल-श्रीफळ होतं. मंडळातल्या कुणीतरी सहकारी कापून टाकले होते आणि त्यांच्या जागी हिरवीगार पानं चिकटवली होती, पानांवर दवाचे टपोरे थेंब. खाली पिवळ्या अक्षरांत मजकूर होता: ‘कै. केरूनाना बोराडे यांच्या प्रथम मासिकानिमित्त, त्यांच्या स्मरणार्थ, हरित संजीवनी रसाचे मोफत वाटप. रविवारी सकाळी, जॉगिंग ट्रॅक, इंदिरानगर.’ आणि तळाशी चौकटीत: ‘निसर्गाकडे चला, गोळ्यांना रामराम ठोका.’

नाना पहाटे ज्यांच्याबरोबर चालायला जायचे त्या प्रभात मंडळाच्या ग्रुपवर हा फलक आला तेव्हा हर्षाली महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उभी होती. समोरच्या ओट्यावर बारावीच्या मुलांनी मांडलेल्या काचेच्या कुप्या होत्या आणि त्या कुप्यांत होतं ऑक्झॅलिक आम्ल. वर ब्युरेटमध्ये परमँगनेटचं जांभळं द्रावण. दर वर्षीचा ठरलेला प्रयोग.

“मॅडम, रंग जातच नाहीये,” एक मुलगी म्हणाली.

“गरम केलंस?”

“केलं ना.”

“मग थांब. पहिल्या थेंबाला वेळ लागतो. तो एकदा गेला की पुढचे भराभर जातात.”

हे बोलून तिनं पुन्हा फोनकडे पाहिलं. फलकाखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. सगळ्यांत वरचे हात तिच्या भावाचे, रविराजचे होते.

दोन आम्लगट असलेली आम्लं हा हर्षालीचा आवडता धडा. मॅलॉनिक, सक्सिनिक, द्राक्षांतलं नि चिंचेतलं टार्टरिक, नायलॉन ज्यापासून होतं ते ॲडिपिक, असं मोठं कुटुंब. त्यात ऑक्झॅलिक सगळ्यांत धाकटं. वर्गात ती सांगायची, “याला नुसते दोन हात आहेत, मधे अंगच नाही. दोन्ही हातांनी ते कॅल्शियमला धरतं आणि मग सोडत नाही. पांढरी पूड होऊन तळाशी बसतं.” मुलं हसायची आणि त्यांच्या लक्षात राहायचं.

एम.एस्सी.ला असताना याच आम्लांचे एस्टर तिनं कितीतरी वेळा बनवले होते. एकदा नाना डबा द्यायला आले, तेव्हा तिनं मॅलॉनिकच्या एस्टरची बाटली त्यांच्या नाकाखाली धरली होती. सफरचंदासारखा गोड वास.

“वा. हे खाता येतं का गं?”

“नाही हो नाना.”

“मग वास कशाला दिलाय?” असं म्हणून ते मनापासून नाराज झाले होते. नंतर घरी कुणी पाहुणा आला की त्याला सांगायचे, आमच्या पोरीच्या कॉलेजात फसवी सफरचंदं बाटलीत भरून ठेवतात.

त्याच माणसाला शेवटी याच कुटुंबातल्या धाकट्यानं नेलं होतं, आणि त्याला गोड वासही नव्हता.

नानांना शुगर होती, बरीच वर्षं होती, पण गोळ्या वेळेवर, चालणं रोज. डॉक्टर त्यांच्यावर खूश असत. मग खंडेराव आप्पांनी प्रभात मंडळात हरित संजीवनी सुरू केली. आप्पा बँकेतून निवृत्त झालेले, बोलण्यात गोड, पाठांतर दांडगं. रोज पहाटे ट्रॅकच्या फाटकाशी लताबाईंची रसाची गाडी लागायची. दुधी, कारलं, गव्हांकुर हे तिचं नेहमीचं. आप्पांनी त्यात स्वतःची कृती घातली: पालक, चुका, अंबुशीची आंबट पानं आणि कमरख, ते चांदणीच्या आकाराचं आंबट फळ, सगळं कच्चं वाटायचं, गाळायचं आणि उपाशीपोटी मोठा पेला भरून घ्यायचं. वर आवळ्याचं चूर्ण. अंबुशी बाजारात फारशी मिळत नाही, म्हणून सभासदांनी आपापल्या कुंड्यांतली आणायची. पुढे उन्हाळा आला, नानांचं पाणी पिणं कमी झालं, आणि आप्पांनी पेल्याचे दोन पेले केले.

पायांवर सूज आली तेव्हा आप्पा म्हणाले, शरीरातली घाण बाहेर पडते आहे.

दवाखान्यात मूत्रपिंडाच्या डॉक्टर बाईंनी मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. मग हर्षाली आणि रविराजला बोलावून त्यांनी संगणकाच्या पडद्यावर तो दाखवला. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये स्फटिक अडकले होते, कुटलेल्या खडीसाखरेसारखे चमकत. “कॅल्शियम ऑक्झलेट,” बाई म्हणाल्या. “आधीच थकलेली मूत्रपिंडं होती. काही वेगळं घेत होते का? रस वगैरे?” हर्षालीनं कृती सांगितली. बाई म्हणाल्या, “असे आणखी येतात हो आमच्याकडे. सगळे तब्येतीची फार काळजी घेणारे.”

नाना तेव्हा शुद्धीवर होते. हर्षालीनं त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांची सगळी हयात बॉयलरपाशी गेलेली. पाण्यातले क्षार नळ्यांत बसले की काय होतं, हे त्यांना नव्यानं सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे नळ्यांत स्केल बसलं म्हण की.”

“हो.”

“मग ॲसिड फिरवून धुवायच्या.”

“तशा धुता येत नाहीत नाना.”

“मग डिझाइनमध्येच चूक आहे,” ते म्हणाले आणि डोळे मिटून पडले. काही वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, “गेणूला सांग. त्याचा खडा काढलाय. तो पण दोन पेले मारतो.”

ते त्यांचं शेवटचं नीट वाक्य. त्यानंतर डायलिसिस, त्यात जंतुसंसर्ग, आणि मग जे व्हायचं ते झालं.

दहावं आटोपल्यावर हर्षालीनं गेणूकाकांना सांगितलं होतं. गेणूकाका नानांचे एकलहऱ्यापासूनचे सोबती, मूळचे सिन्नरकडचे, अजूनही गावाचीच बोली बोलणारे. त्यांनी मान डोलावली, काही दिवस पेला सोडला. मग आप्पांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पोरगी हुशार आहे पण धक्क्यात आहे, अशा वेळी माणूस कुणालातरी दोष देतो. गेणूकाकांनी पुन्हा पेला धरला.

*

संध्याकाळी हर्षाली थेट भावाकडे गेली. आई त्याच्याकडेच राहत होती. ती देवळात गेलेली पाहून हर्षालीनं फोन त्याच्यापुढे धरला.

“हे तू होऊ दिलंस?”

रविराजनं टीव्हीचा आवाज कमी केला. “हर्षा, आप्पांनी आपणहून विचारलं. दवाखान्यात रोज यायचे ते. नाही कसं म्हणायचं?”

“‘नाही’ म्हणायचं. दोन अक्षरं आहेत, दादा.”

“लोकांना मी शुगरचं सांगितलंय. खोटं नाही ते. शुगर होतीच.”

“माणूस गाडीखाली आला आणि त्याला सर्दी पण होती, म्हणून सर्दीनं गेला असं सांगण्यातलं आहे हे.”

रविराज उठला, दार लोटून आला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. “तू आईचा विचार कर. अंबुशी कोण तोडून देत होतं? रोज पहाटे ती गच्चीवर जायची. ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या खिशात ठेवायची. तिला कळलं, की ते ज्यानं गेले ते आपणच तोडून देत होतो, तर ती एक दिवस जगेल का? तू सांग. तू पुस्तकं वाचतेस ना एवढी.”

दवाखान्यातही त्यानं हेच सांगून तिला थोपवलं होतं.

“आईला नको सांगूया,” ती शेवटी म्हणाली. “पण त्यांच्या नावानं तेच विष पाजायचं? आणि गेणूकाकांना?”

“विष काय म्हणतेस. पालक आहे तो.”

*

दुसऱ्या दिवशी पहाटे ती ट्रॅकवर गेली. मंडळाचा हसण्याचा व्यायाम नुकताच संपला होता. माणसं घाम पुसत गाडीभोवती जमली होती. आप्पा पांढऱ्या ट्रॅकसूटमध्ये, हातात पेला.

“ये बेटा. घे, नानांची आठवण म्हणून घे.”

“आप्पा, रविवारचं रद्द करा. निदान नानांचं नाव काढा.”

तिनं सगळं सांगितलं. तुकडा, स्फटिक, डॉक्टर बाई. आप्पांनी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून घेण्याची त्यांना सवय होती, त्यात त्यांचं काही जात नव्हतं.

“बेटा, पालेभाजी खाऊन कुणी मेलंय का आजवर? तुझी केमिस्ट्री बाटलीतली. ही झाडातली.”

“बाटलीतलं आणि झाडातलं एकच असतं आप्पा. रेणूला आपण कुठून आलो ते माहीत नसतं.”

“बघा,” आप्पा बाकीच्यांकडे वळून हसले, “रेणूला माहीत नसतं, पण आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं. त्या चुका खायच्या, चाकवत खायच्या, अळू खायच्या. झालं काही?”

“त्या शिजवून खायच्या,” हर्षाली म्हणाली. “आणि ताकात शिजवायच्या. ताकातला पालक, ताकातला चुका. ताकात कॅल्शियम असतं. ऑक्झलेट पोटातच त्याला धरून बसतं आणि निघून जातं, रक्तात उतरत नाही. तुम्ही आज्यांचं नाव घेता आणि त्यांचं ताक काढून टाकता. कच्चं वाटून, चोथा फेकून, उपाशीपोटी. आपल्या सात पिढ्यांत असं कुणी खाल्लेलं नाही.”

“ताक सकाळी कफ करतं,” एक जण म्हणाला, आणि दोघा-तिघांनी मान हलवली.

तिनं लताबाईंकडून रसाची एक बाटली भरून घेतली. लताबाई पैसे घेईनात. “नानांच्या पोरीकडनं काय घ्यायचं,” असं म्हणाल्या आणि नजर चुकवून दुसरा पेला भरायला लागल्या.

दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. हर्षालीनं रस गाळला, आम्लात उकळला, पुन्हा गाळला, त्यात कॅल्शियम क्लोराइड घालून वरून थेंबथेंब अमोनिया सोडला. आधी काहीच झालं नाही. मग हिरवट पाण्यात धुकं उतरावं तसं पांढरं उतरू लागलं आणि तळाशी साचत गेलं. ते तिनं गाळणकागदावर घेतलं, धुतलं, गरम सौम्य गंधकाम्लात विरघळवलं आणि ब्युरेटची चावी सोडली. पहिला थेंब जांभळा पडला आणि तसाच राहिला. ती थांबली. तो गेला. मग पुढचे भराभर जाऊ लागले, एकामागून एक, जणू त्या कुपीला जांभळ्याची भूकच लागली होती. ब्युरेटमधली पातळी खाली उतरत राहिली, आणि आपल्याला ती थांबायला हवी आहे, हे हर्षालीच्या लक्षात आलं. आकडा लहान यावा. आपण चूक ठरावं. नाना शुगरनंच गेले असावेत.

गुलाबी छटा टिकली तेव्हा तिनं आकडा वाचला, कुपी धुतली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. एकदाच आलेल्या आकड्यावर तिनं मुलांना कधी गुण दिले नव्हते. दुसरा आकडा पहिल्याच्या अगदी शेजारी आला. दिवसभरच्या जेवणातून माणसाच्या पोटात जेवढं ऑक्झलेट जातं, त्याच्या कित्येक पट या एका पेल्यात होतं. आणि नाना दोन पेले घेत होते.

तिला वाटलं होतं, खरं कळल्यावर थोडं शांत वाटेल. उलट ती धुतलेली कुपी पुन्हा धुवायला लागली. हे बघायला फार काही लागत नव्हतं. बारावीच्या पोरांना जमतं ते. कुणी केलं का नाही?

शनिवारी पहाटे ती परीक्षानळ्या घेऊनच ट्रॅकवर गेली. आकडे सांगून उपयोग नाही, डोळ्यांनी दिसलं तर पटेल, असं तिला वाटलं. तिनं एका नळीत पाणी घेतलं, दुसरीत गाळलेला स्वच्छ रस, आणि दोन्हींत कॅल्शियमच्या द्रावणाचे थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं. रस गढूळ झाला, मग पांढरा झाला, मग तळाशी गाळ बसला.

“हे नानांच्या नळ्यांत बसलं होतं,” ती म्हणाली.

माणसं जवळ आली, वाकून बघू लागली. मग ताकानं कफ होतो म्हणणारे तेच गृहस्थ म्हणाले, “पण ताई, तुम्ही केमिकल टाकलं म्हणून झालं ना ते.”

“बरोबर,” आप्पा म्हणाले. “आम्ही थोडंच केमिकल टाकून पितो.”

हसण्याचा व्यायाम केल्यासारखे सगळे हसले. गेणूकाका हसले नाहीत, पण पेला त्यांच्या हातात होता आणि अर्धा रिकामा होता. हर्षालीनं नळ्या पिशवीत भरल्या. तिनं आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. त्या सकाळी परीक्षानळ्यांचा जड स्टँड पिशवीत ठेवताना तो तिच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला.

“उद्या वहिनींना घेऊन ये,” आप्पा प्रेमानं म्हणाले. “पहिला पेला नानांच्या फोटोपुढे ठेवायचा आणि दुसरा वहिनींच्या हातून गेणूला. जिवलग मित्र ना त्यांचा. मी रविराजशी बोललोय.”

*

संध्याकाळी आई, यशोदाबाई, ओट्याशी चाकवत निवडत बसली होती. मासिकाच्या स्वयंपाकाला नानांची आवडीची भाजी. रविराज सामान आणायला बाहेर गेला होता. हर्षाली समोर बसली आणि तिनंही एक जुडी ओढून घेतली.

“आप्पांचा फोन आला होता,” आई म्हणाली. “उद्या मी गेणूभाऊजींना पेला द्यायचा म्हणे. नानांना बरं वाटेल.”

हर्षालीच्या हातातलं देठ तुटलं नाही, नुसतं वाकलं. गेणूला सांग, नाना म्हणाले होते. आणि उद्या त्यांच्या बायकोच्या हातून गेणूला तेच.

“आई, तू तो पेला देऊ नकोस.”

“का गं?”

मग तिनं सांगितलं. घाईनं नाही, मधे न थांबता. फडक्यातल्या पानांचंही सांगितलं, कारण ते गाळून बाकीचं सांगता येत नव्हतं. आईचे हात निवडत राहिले, मग निवडायचे थांबले, आणि निवडलेली पानं न निवडलेल्यांत पडली.

“डॉक्टरीणबाईंनी कधी सांगितलं हे?”

“नाना होते तेव्हाच.”

“त्यांना माहीत होतं?”

“हो.”

“रविराजला?”

“हो, आई. त्याला वाटलं...”

“त्याला काय वाटलं ते कळलं मला.” आईचा आवाज चढला नव्हता, पण हर्षालीनं तो याआधी ऐकलेला नव्हता. “माझा नवरा कशानं गेला ते डॉक्टरला माहीत, पोराला माहीत, पोरीला माहीत, त्या आप्पाच्या कानावर घातलं. एक मलाच नाही. मी मरेन म्हणून? एवढी वर्षं मी काय काय झेललं ते बघून पण?”

“चुकलंच आमचं.”

“पानं मी तोडली,” आई म्हणाली. “ते माझं मी बघेन. त्याला तुम्ही झाकण घालायचं नाही.” मग ती मिसळलेली पानं एकेक करून पुन्हा वेगळी काढायला लागली. “कच्चं देत होते का ते? मला वाटायचं, उकळून देत असतील. अंबुशी कुणी कच्ची खातं का.”

रविराज आला तेव्हा आईनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि एवढंच म्हणाली, “उद्या मी येणार आहे. तू मधे बोलायचं नाहीस.”

*

रविवारी फाटकाशी दोन बांबूंवर फलक लावला होता. टेबलावर पांढरं कापड, नानांचा फोटो, झेंडूचा हार, उदबत्ती, आणि शेजारी लताबाईंची स्टीलची पिंपं. आप्पांच्या हातात माइक होता. ते नानांबद्दल चांगलं बोलले. ते सगळं खरंही होतं, आणि म्हणून हर्षालीला ऐकवत नव्हतं.

“आता पहिला पेला नानांना,” आप्पा म्हणाले. “त्यांच्या आवडीचा.”

लताबाईंनी पेला भरून यशोदाबाईंच्या हातात दिला. आईनं तो बघितला. फोटोकडे बघितलं.

“आवडीचा नव्हता,” ती म्हणाली. माइक तिच्यापासून लांब होता, तरी पुढच्या रांगेनं ऐकलं. “नाक दाबून प्यायचे. घरी येऊन गूळ मागायचे. तुम्ही सांगितलं म्हणून प्यायचे.”

काही जण हसले, आणि लगेच थांबले, कारण आईनं पेला फोटोपुढे ठेवला नाही. ती तो टेबलाच्या कडेला ठेवून हात पुसत होती.

“त्यांचं पिऊन झालंय. आता यावर त्यांचं नाव नको.”

“वहिनी,” आप्पा माइक खाली करून म्हणाले, “आपण यावर नंतर शांतपणे बोलू.”

“नंतर मला कोण बोलू देणार आहे? पानं माझ्या कुंडीतली होती आप्पा. मी तोडून द्यायचे. हे जास्त झालं तर मूत्रपिंडं जातात, हे तुम्ही मला एकदा तरी सांगितलं का?”

“असं काही सिद्ध झालेलं नाही वहिनी.”

“माझ्या घरात झालंय सिद्ध.”

ट्रॅकवरून पळणारी दोन माणसं थांबून बघू लागली. रविराज फलकाच्या बांबूपाशी उभा होता.

आई गेणूकाकांकडे वळली. “भाऊजी, तुमचे मित्र शेवटचं काय बोलले, माहितीये? ‘गेणूला सांग’ म्हणाले. दुसरं काही नाही. आता तुम्ही मागत असाल तर मी देते पेला. मागताय का?”

गेणूकाकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “नको वहिनी,” ते म्हणाले. मग आप्पांकडे न बघता, खाली बघून म्हणाले, “माझ्या गोळ्या पण बंद हायेत. आप्पा म्हनले, लय गरम पडत्यात. लघवीला त्रास व्हतोय, पर म्हनलं, घान निघत असंल.”

हे ऐकून तरी कुणीतरी काहीतरी बोलेल, असं हर्षालीला वाटलं. आप्पा बोलले. त्यांनी माइक वर घेतला.

“वहिनींच्या भावना आपण समजू शकतो. त्यांचा मान ठेवून आपण नानांचा फलक उतरवू या. रस मात्र तयार आहे, तो वाया घालवू नका. निसर्गाचा प्रसाद आहे.”

आणि रांग लागली. हर्षालीचा त्यावर विश्वास बसेना. आत्ता, या क्षणी, फोटोतला माणूस समोर असताना माणसं पेले हातात घेऊन उभी राहत होती. काही जरा संकोचून, काही तेवढंही नाही. ताकवाले गृहस्थ तिसरे होते.

रविराजनं फलकाच्या दोऱ्या सोडल्या. फलकाची घडी करताना नानांचा चेहरा मधे मोडू नये म्हणून त्यानं दोनदा घडी बदलली. मग तो आईपाशी आला.

“गाडी काढ,” आई म्हणाली. “भाऊजींना त्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं. आज रविवार असला तरी.” आणि फोटो तिनं हारासकट उचलून काखेत घेतला. “हर्षा, येतेस?”

“तुम्ही व्हा पुढे.”

गाडी गेली. हर्षालीनं टेबलावरचा नानांसाठी भरलेला पेला उचलला, फाटकाच्या कडेच्या नालीत ओतला आणि रिकामा पेला लताबाईंना परत दिला. मग ती टेबलाच्या या बाजूला, रांग जिथून पुढे सरकत होती तिथे येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. वर्गात ती कधी चढवत नसे.

“काका,” तिनं पहिल्या माणसाला विचारलं, “शुगर आहे का तुम्हाला?”

“आहे थोडी.”

“मग हे घेऊ नका. माझे वडील याच्यानं गेले. मावशी, तुम्हाला? मुतखडा झाला होता कधी?”

मावशी थबकल्या, पेल्याकडे बघितलं, आणि रांगेतून बाहेर झाल्या. काकांनी मात्र पेला तोंडाला लावला, तिच्याकडे बघत बघत.

“ताई, हे बरं दिसत नाही,” आप्पा शेजारी येऊन हलक्या आवाजात म्हणाले.

“नाहीच बरं,” हर्षाली म्हणाली. “उद्या पहाटेही मी इथेच असेन. परवाही.” आणि ती रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली. “दादा, तुम्हाला शुगर आहे?”